तेजस्विनीचे वाचन

धायरीतल्या त्या शाळेत सकाळचे ऊन सरळ दारातून येत नसे. पूर्वेच्या अंगाला, जिथे पूर्वी ज्वारीची शेते आणि त्यांच्यापलीकडे नुसते आभाळ असे, तिथे आता उंच इमारतींची रांग उभी होती, आणि सूर्य तिच्या पाठीमागे केव्हा उगवला हे शाळेला बऱ्याच उशिरा कळे. त्याआधी ऊन यायचे ते उलट्या बाजूने. रस्त्यापलीकडच्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यांवरच्या काचा ते झेलत आणि खाली शाळेकडे टाकत. त्यामुळे दिवसाचा पहिला उजेड वर्गाच्या मागच्या खिडकीतून येई; फिकट, किंचित थरथरता, पाण्याच्या तळाशी पडावा तसा. आधी तो भिंतीवर रंगवलेल्या बाराखडीच्या वरच्या ओळीवर टेके. मग, तिकडे सूर्य वर चढेल तसा, इकडे हा उजेड एकेक ओळ उतरत खाली येई. फळ्याची चौकट, खडूचा पत्र्याचा डबा, भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या जाजमांच्या विटलेल्या पट्ट्या. त्याला ऊब नसे. हात पुढे केला तर हातावर प्रकाश पडे, पण कातडीला त्याची काही वार्ता नसे. पुढे कधीतरी दोन इमारतींच्या मधल्या फटीतून खऱ्या उन्हाची अरुंद पट्टी दारातून आत शिरे, आणि मग मागच्या खिडकीतला तो फिकट चौकोन कुणाच्या लक्षातही न येता पुसला जाई.

तन्वीर तांबोळीला तो उजेड आवडे. मुख्य कारण असे की तो असेपर्यंत वर्गात कुणी नसे. कसबा पेठेतल्या घरून तो गरजेपेक्षा बराच लवकर निघे, सिंहगड रस्ता जागा व्हायच्या आत धायरीला पोचे, चिंचेखाली गाडी लावे आणि मुले येईपर्यंत एकटाच बसून राही. माणसांत त्याला बोलता येत नसे. लग्नात तो वाढप्यांच्या बाजूला उभा राहून वेळ काढी. शिक्षकांच्या बैठकीत भिंतीकडची खुर्ची धरी. पण मुलांसमोर पुस्तक उघडले की हाच माणूस बदले. त्याचा आवाज भरून येई, शब्दांच्या मध्ये जागा मिळेल तिथे विसावा घेई, आणि साध्या धड्यातली साधी वाक्ये अशी उमटत की शेजारच्या वर्गातली मुलेही गप्प होत. या आवाजाचा त्याला अभिमान होता. दुसऱ्या कशाचा बाळगावा असे त्याच्यापाशी फारसे काही नव्हते.

त्या दिवशी पाडवा होता. समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून हातभर उंचीच्या तयार गुढ्या लागल्या होत्या. शाळेला सुट्टी होती, पण शिक्षकांना नव्हती, कारण पाडव्याच्या मुहूर्तावर घरोघर जाऊन मुलांची नावे शाळेत घालून घ्यायची, अशी अलीकडे रीतच पडली होती. आणि या शाळेला तर त्या रीतीचा फारच आधार होता. शाळा मुळात गावाची. धायरी महापालिकेत गेली तशी शाळाही गेली. फलक बदलला, रंग बदलला, पण गावाची नातवंडे तोवर पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळांना जाऊ लागली होती. पट इतका घसरला की तिसरी-चौथीची मुले एकाच वर्गात एकमेकांकडे पाठ करून बसत. वाचन-गणिताच्या पाहणीत आसपासच्या शाळांची क्रमवारी लागे, तेव्हा आपली शाळा खालून मोजायला सोपी पडते, असे मुख्याध्यापिका नंदा मॅडम म्हणत. यंदाही पट वाढला नाही, तर शाळा हायवेपलीकडच्या शाळेत विलीन होणार हे जवळजवळ ठरले होते. मग लहान मुलांनी तो रस्ता ओलांडायचा कसा, हे कुणी ठरवले नव्हते. आणि तन्वीरसारख्या कंत्राटी मुदतीतल्या नव्या शिक्षकाने जायचे कुठे, हेही नाही.

"तांबोळी, आज सण आहे," नंदा मॅडम दारातून म्हणाल्या. "जरा हसऱ्या चेहऱ्याने फिरा. लोकांना वाटेल, शाळा बंद झाल्याचं सांगायला आलेत."

तन्वीर हसला.

"हे हसणं असेल तर राहू द्या."

त्यांच्या मागोमाग तेजस्विनी आली. तिसरीतली, दुसरीपासून तन्वीरच्याच वर्गात असलेली, तेलाने चापून बसवलेल्या केसांची, गळ्यात साखरेची गाठी घातलेली मुलगी. गाठीतले एक पदक आधीच कुरतडलेले होते. तिला आज बोलावले होते ते तन्वीरनेच. वर्गातली सर्वांत छान वाचणारी मुलगी सोबत घ्यायची आणि दारोदारी तिला वाचायला लावायचे, ही कल्पना त्याची होती. मॅडमनी ती ऐकून चष्मा काढला होता आणि तो पुसता पुसता, "बरंच की. तुमच्याही डोक्यात काही चालतं म्हणायचं," असे म्हटले होते.

दुपारपर्यंत ते बजरंगअण्णांच्या बंगल्यापाशी पोचले. अण्णा जुने धायरीकर. शेते विकून झाली होती, पण बंगल्यामागे भाड्याच्या खोल्यांची एक लांब चाळ त्यांनी राखली होती, आणि मराठवाड्यातून, कर्नाटकातून कामाला आलेली कुटुंबे तिच्यात राहत. तेजस्विनी आणि तिची आई शालू याच चाळीतल्या. भाडेकरूंची मुले कोणत्या शाळेत जायची, हे बरेचसे अण्णांच्या ओट्यावर ठरे.

"या, नंदाबाई. अजून चालू हाय का शाळा? मला वाटलं, प्लॉट पडले."

"आपण घ्याल म्हणून थांबलोय, अण्णा."

अण्णा खो खो हसले आणि आत वळून पन्ह्याची ऑर्डर सोडली. तन्वीरचा रोजा आहे हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "असं व्हय! उद्या ईद न्हाई का! मंग मास्तर सावलीत बसा. उन्हात वरडून घसा सुकवू नका." मग ते मुद्द्यावर आले. "माझ्या खोल्यांतली पोरं पायजेत तुम्हाला. पण ती तिकडं वरच्या गल्लीत इंग्लिश मिडियमला जात्यात. टाय घालत्यात टाय. तुमच्याकडं टाय हाय का?"

मॅडमनी उत्तर शोधायच्या आत तन्वीर बोलून गेला, "टाय नाही. पण आमच्या मुलांना वाचता येतं."

इतके ठाम वाक्य आपल्या तोंडून निघाल्याचे त्याचे त्यालाच नवल वाटले.

"दावा बरं."

तेजस्विनी पुढे झाली. तिने पुस्तक उघडले, पहिल्या ओळीखाली बोट ठेवले आणि मान ताठ करून सुरुवात केली.

"शेळ्या डोंगर उतरू लागल्या. उन्हं कलली होती. सगळ्यांत मागे होती चिंगी. चिंगीचा एक पाय लंगडा. ती थांबली, की गळ्यातली घंटा थांबे. आणि घंटा थांबली, की पुढच्या शेळ्या मागे वळून पाहत."

ओट्याशी चाळीतली माणसे जमू लागली. कुणी हातातले धुणे तसेच पिळत आले, कुणी मूल कडेवर घेऊन. मुलगी वाचत होती आणि तिच्या प्रत्येक विरामात, 'मागे वळून' म्हणतानाच्या त्या हलक्या उतारात, तन्वीरला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. फक्त कोवळा आणि धीट, त्याला कधीच नव्हता इतका धीट. त्याचा ऊर भरून आला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि पुस्तकाचे पान उलटले.

तेजस्विनी थांबली नाही. चिंगी ओढ्याशी अडली होती, कळप खोळंबला होता, आणि मुलीचे बोट पुढच्या धड्यातल्या पोस्टमनच्या सायकलवरून संथपणे डावीकडून उजवीकडे सरकत होते.

तन्वीर दोन पावले पुढे झाला आणि पुस्तक सावरून धरल्यासारखे करून त्याने पान मागे उलटले. कुणाला काही दिसले नाही. फक्त मुलीने वर पाहिले. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. मदत केल्याबद्दलचे एक ओळखीचे हसू होते, जणू हे त्या दोघांचे आधीपासून ठरलेलेच होते.

"निकिता, ए निकिता, भाईर ये!" अण्णा सुनेला हाक मारत होते. "ही आपल्या शालूची पोरगी बघ. आन् आपल्या शंभूला सांग, असं वाच म्हणावं."

"पप्पा, शंभू इंग्लिशमध्ये वाचतो."

"मंग इंग्लिशमधी वाच म्हणावं! परवा पेपर दिला हातात, तर मोटारीची जाहिरात बघत बसला."

निकिताने तोंड फुगवले, पण मोबाईल काढून मुलीचे वाचन टिपूनही घेतले. चाळीतल्या बायांनी शालूला पुढे ढकलले. ती पदर तोंडाशी धरून उभी होती आणि डोळे पुसायचे की हसायचे, हे तिला उमगत नव्हते. "मला तर सही बी येत न्हाई," ती कुणाला तरी सांगत होती, "आन् हिचं बघा." त्या दुपारी ओट्यावर बरीच नावे घातली गेली. पुढच्या चौकात, त्याच्या पुढच्या गल्लीत, तोच धडा, तेच विराम. परतताना मॅडम म्हणाल्या, "तांबोळी, आज तुम्ही बोललात. तेही न विचारता. उपासाचा परिणाम असावा."

संध्याकाळी कसब्यातल्या घरात रोजा सुटला, आणि मिसबा, त्याची धाकटी बहीण, खजूर तोंडात धरून मोबाईलवर ते वाचन बघत बसली. हडपसरच्या कंपनीत दिवसभर पडद्याकडे पाहणारी ही मुलगी घरीही पडद्याकडेच पाही. धायरीतल्या कुठल्याशा ग्रुपमधून तो व्हिडिओ तिच्या मैत्रिणीकडे आणि तिथून तिच्याकडे आला होता.

"भाई, कसलं भारी वाचते ही! तुझीच स्टाइल." मग तिने व्हिडिओ पुन्हा लावला. "पण एक सांगू? ती पुस्तकात बघतच नाहीये."

"आवडता धडा आहे तिचा. पाठ झालाय."

"मग दुसरा वाचायला लावायचा ना."

"तुला काय कळतं शिकवण्यातलं?"

"काहीच नाही," मिसबा उठत म्हणाली. "मी फक्त बघितलं." आणि ती गच्चीवर चंद्र पाहायला निघून गेली.

तन्वीर तिथेच बसून राहिला. खाली गल्लीत फटाके वाजू लागले, चंद्र दिसल्याची आरोळी उठली, आई शेवयांसाठी दूध आटवायला लागली. आणि त्याला मात्र एकामागून एक अशा गोष्टी आठवू लागल्या, ज्या त्याने आठवायच्या नाहीत असे ठरवून ठेवल्या होत्या. हिवाळ्यात कधीतरी मुलीच्या पुस्तकाची दोन पाने गुळाच्या पाकाने चिकटली होती, आणि तिने मधला सगळा मजकूर न अडखळता वाचला होता. तेव्हा तो हसला होता. एकदा त्याने फळ्यावर 'शेळी' लिहून तिला विचारले होते, हे काय? ती फळ्याकडे पाहतच नव्हती. त्याच्या ओठांकडे पाहत होती. त्याचे ओठ नकळत 'शे' असे हलले, ती तत्काळ 'शेळी!' म्हणाली, आणि तो म्हणाला, शाब्बास. तिची वही सुबक असे, पण ती अक्षरे उतरवून काढी ती रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, याचा मेळच नसे. पाहणीसाठी पर्यवेक्षक आले आणि म्हणाले, एखादा परिच्छेद वाचून घ्या, तेव्हा पुस्तक उघडून मुलीच्या हातात देणारा तोच होता, आणि पान त्यानेच निवडले होते.

हे सगळे एकत्र ठेवले तर त्याचा एकच अर्थ होत होता. तन्वीरने ते एकत्र ठेवले नाही. प्रत्येक आठवण त्याने वेगळी उचलून पाहिली, तिच्यासाठी एक वेगळे कारण शोधले, आणि ती जागच्या जागी ठेवून दिली. वर्गात वाचन चाले ते असे: तो एक वाक्य म्हणे, मुले ओळीखाली बोट ठेवून ते एका सुरात मागे म्हणत. त्याच्याही लहानपणी असेच चाले, सगळीकडेच चाले. पण त्याचा आवाज इतका कानात बसणारा होता की ज्या मुलीचे कान सर्वांत तयार, ती वर्गात सर्वांत हुशार ठरली. इथवर विचार आला की तो उठून दुसरे काहीतरी काम काढी.

मग सुट्टी लागली. तेजस्विनीला रोज थोडा वेळ बोलावून बसवावे, असे त्याच्या मनात अनेकदा आले. धायरीला जायला तो एकदा गाडीवर बसलाही. पण तिला शिकवायला घ्यायचे, तर आधी तिला येत नाही असे म्हणावे लागले असते; शालूला काही कारण सांगावे लागले असते, आणि शालू चाळीत राहत होती, जिथल्या आयांनी ते वाचन ऐकून आपल्या मुलांचे टाय काढून ठेवले होते. तेव्हा जूनमध्ये बघू, असे त्याने ठरवले. शरमेलाही मुदतवाढ देता येते, हे तो त्या उन्हाळ्यात शिकला.

जूनमध्ये शाळा उघडली ती थाटात. अण्णांनी आपला टेम्पो झेंडूच्या माळांनी सजवून पाठवला. त्यातून नवी मुले उतरली, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून त्यांचे ठसे कागदावर घेतले गेले, नव्या पुस्तकांचा वास पटांगणभर पसरला. पट इतका वाढला होता की विलीनीकरणाचा विषय निदान या वर्षापुरता मागे पडला. नंदा मॅडमनी तन्वीरच्या हातावर पेढा ठेवला. "घ्या. शाळा राहिली. तुमच्यामुळे असं म्हणणार होते, पण तुम्ही लाजून राजीनामा द्याल."

तो पेढा अजून हातात असतानाच शालू आली. सोसायटीतल्या साफसफाईच्या कामावरून ती तशीच आलेली दिसत होती, अंगावर निळा कोट, हातात तेजस्विनीचे मनगट.

"सर, हिला आता तुमीच सांगा. माझं ऐकत न्हाई."

"काय झालं, ताई?"

"मला वाचून दावत न्हाई ती. साऱ्या गावापुढं वाचती, मोबाईलमधी वाचती, आन् म्या म्हणलं, बाई, त्या बसवर काय लिवलंय बघ, तर म्हणती कंटाळा आलाय. दुकानाचं नाव वाच म्हणलं, तर डोळं दुखत्यात." तिचा आवाज चढला, मग एकाएकी खाली आला. "सोसायटीत लिफ्टपाशी बोर्ड लावलाय. मी त्या लिफ्टनं गेले, तर एक मॅडम म्हणली, वाचता येत नाही का? म्हणून रविवारी मुद्दाम हिला नेलं. म्हणलं, सांग, काय लिवलंय. ही खाली मान घालून हुबी. शेवटी वॉचमननं सांगितलं, कामवाल्यांनी ह्या लिफ्टनं जायचं न्हाई, असं लिवलंय. त्याच्यापुढं मान खाली गेली माझी. पोरगी एवढी शिकलेली, आन् सांगतोय कोण, तर वॉचमन."

तेजस्विनी आपल्या पायांकडे पाहत होती.

"अडाणी आईला वाचून दावायची लाज वाटती तिला, सर. माज आलाय. परवा मारलं म्या. जोरात लागलं." शालूने मुलीची बाही थोडी वर केली आणि लगेच खाली ओढली, जणू तिला स्वतःलाच ते पुन्हा पाहायचे नव्हते.

पटांगणात अण्णा होते. नव्या मुलांच्या आया होत्या, पुस्तके छातीशी धरलेल्या. मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. सांगायचे वाक्य फार लहान होते; ते तन्वीरच्या जिभेवर आलेही होते. मग त्याने आपला आवाज ऐकला, वर्गातला, भरलेला, समजूतदार.

"तेजस्विनी, असं करतात का? आई सांगते ना, मग वाचून दाखवायचं. एवढा माज बरा नाही."

मुलीने मान वर केली. क्षणभर ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि त्या नजरेत राग असता तर त्याला बरे वाटले असते. ती त्याला सांभाळून घेत होती.

"चुकलं, सर. परत नाही करणार."

"बघा!" शालूचे डोळे भरले. "तुमचं कसं ऐकती." आणि मागून एक बाई म्हणाली, "सर, आमच्या बंटीला बी असंच वाचायला शिकवा हो."

तो वर्गात गेला. जुनी मुले, नवी मुले, दाटीवाटीने बसलेली. त्याने नवे पुस्तक उघडले आणि पहिले वाक्य वाचले. वर्गाने ते एका सुरात मागे म्हटले. दुसरे वाचले. तेही आले. तेव्हा त्याने प्रथमच मुलांच्या चेहऱ्यांऐवजी त्यांच्या बोटांकडे पाहिले. सगळी बोटे एकाच गतीने सरकत होती, शब्द आखूड असो की लांब, पुस्तक उघडे असो की भलत्याच पानावर असो. आणि काही बोटे तर नुसत्या जाजमावरून सरकत होती. तिसऱ्या वाक्याला त्याचा आवाज फुटला. मुलांनी तो फुटलेला आवाजही तसाच, फुटलेपणासकट, मागे म्हटला आणि ती खिदळली. तेजस्विनी हसली नाही. त्याने पुस्तक मिटले आणि उरलेला वेळ मुलांना चित्रे काढायला सांगितले.

शाळा सुटल्यावर तो घराकडे निघाला. हायवेच्या पुलाखाली वाहने तुंबली होती. गाडी बंद करून तो उभा राहिला, आणि पटांगणातले ते एक वाक्य त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिले, 'एवढा माज बरा नाही'. इतके दिवस जे चालले होते, त्याला त्याने मनाशी चूक म्हटले असते, कमकुवतपणा म्हटला असता. पण आज त्याने आपला गुन्हा एका आठ वर्षांच्या मुलीच्या अंगावर लोटला होता, आणि तिने तो मुकाट्याने घेतला होता. घरी गेल्यावर शालू पुन्हा काहीतरी वाचायला सांगेल. आता तर सरांनी सांगितलेले आहे. आणि मुलगी पुन्हा खाली मान घालून उभी राहील.

समोरची वाहने हलली. मागच्याने भोंगा वाजवला, मग वैतागून ओरडला, "ओ साहेब, झोप लागली का?" तन्वीरने गाडी वळवली.

चाळीपुढे नळाला पाणी आले होते. बादल्यांची रांग लागली होती आणि अण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, कुणाची बादली कुणाच्या पुढे गेली यावर देखरेख करत होते. शालू दारात बसून मेथी निवडत होती. सरांना पाहून ती धडपडत उठली, हात पुसले, चटई टाकली.

"सर! तुमी कशाला आला? ऐकलं हो तिनं. आल्यापासून गप्पच हाय."

"ताई, आत बसून बोलू या का?"

"आत कुठं बसाल, सर, पाय ठेवायला जागा न्हाई. इथंच बोला की. समदी आपलीच हायत."

समदी खरोखरच आली होती. नळावरची एक बाई बादली तशीच सोडून आली. सकाळची बंटीची आई. अण्णांनी खुर्ची उचलून जवळ आणली. "बोला मास्तर. काय, आणखी पोरं पायजेत का? आता बाहेरून आणावी लागतील."

लोक हसले. तन्वीर चटईवर बसला नाही. खोलीच्या दारातून तेजस्विनी बाहेर आली आणि आईचा पदर धरून तिच्या मागे उभी राहिली. त्याला जाणवले की आता आपल्याजवळ तो वर्गातला आवाज नाही. जो आहे तो लग्नात वाढप्यांच्या बाजूला उभा राहणाऱ्या माणसाचा आहे.

"सकाळी मी तिला बोललो, ते खोटं होतं," तो म्हणाला. "तिला माज आलेला नाही. तिनं तुमची लाज धरली नाही, ताई. तिचं काही चुकलेलं नाही."

"मंग वाचत का न्हाई?"

"धडा तिला तोंडपाठ आहे. माझ्या तोंडून ऐकून ऐकून."

"अहो, पण आमी सगळ्यांनी ऐकलं की!" अण्णा म्हणाले. "पुस्तक हातात हुतं तिच्या."

"हातात होतं."

कुणीतरी नळ बंद केला. शालू एकदा त्याच्याकडे, एकदा मुलीकडे पाहत होती, आणि मेथीची काडी तिच्या बोटांत तशीच राहिली होती.

"म्हंजी काय, सर? मला कळंना. नीट सांगा."

"दोन वर्षं ती माझ्या वर्गात आहे, ताई," तन्वीर म्हणाला. "तिला वाचता येत नाही."